त्याचे दुधाचे दात कंपनीला द्यायचे का?

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी सोलापूरहून लिहितेय. वय ५१. मिस्टरांचे (वय ५६) अक्कलकोट रोडला टॉवेलचे लूम आहेत. दोन वर्षांपूर्वी आमचा मुलगा पुण्याहून गाडीवर येताना अपघातात गेला. २१ वर्षांचा होता. लेझमीच्या ताफ्यात कायम पुढं असायचा, सगळी गल्ली त्याला ओळखायची. तेव्हापासून आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही.

मध्यंतरी पुतण्यानं एका कंपनीचा व्हिडिओ दाखवला. गेलेल्या माणसाच्या पेशी जपून ठेवायच्या आणि पुढं परदेशात त्यापासून क्लोन करून तेच मूल परत जन्माला घालायचं, असं ते सांगतात. कुत्र्यांचं करतात, गायीचं तर आपल्या भारतातच झालंय, मग माणसाचं का होणार नाही? मुलाचे दुधाचे दात आणि जावळाचे केस मी एका डबीत ठेवलेत. त्यावर काम होईल म्हणाले. नोंदणीचे ३ लाख ४० हजार, नंतर दरवर्षी १८ हजार. २५ हजार टोकन देऊन झालंय. पुढच्या आठवड्यात त्यांचा माणूस डबी न्यायला येणार आहे. कराराचे फोटो सोबत पाठवतेय.

सासूबाई म्हणतात, तोच आत्मा परत येत असेल तर येऊ दे. भावजी म्हणतात, हे पाप आहे, देवाच्या कामात हात घालायचा नसतो. मिस्टर काहीच बोलत नाहीत, सही करायला मात्र तयार आहेत. माझं वय झालंय, म्हणून मुलीची (२४, लग्न व्हायचंय) तपासणी करून घ्या असं कंपनीच्या मॅडमनी सांगितलंय. म्हणजे स्त्रीबीज घरातलंच मिळेल आणि वेळ आली तर तीच पोटात वाढवेल. ती नाही म्हणाली नाही.

हे खरंच होतं का? कायदा आडवा येतो का? आणि मी पाप करतेय का?

— एक आई, सोलापूर

उत्तर

ताई,

उरलेले पैसे भरू नका आणि ती डबी कुणाच्या हातात देऊ नका. तो माणूस दारात यायच्या आत तुम्हाला कळावं म्हणून एवढं मी मेसेजवर आधीच कळवलंय. बाकीचं इथं सविस्तर लिहिते, कारण असे व्हिडिओ एकट्या तुमच्याच घरी पोचत असतील असं नाही.

कराराचे फोटो मोठे करून वाचले. पहिल्या पानावर गोंडस बाळ, निळं आभाळ आणि ‘आपल्या माणसाचं पुनरागमन’ असा मथळा. चौथ्या पानावर बारीक टायपात लिहिलंय, ‘तंत्रज्ञान व कायदेशीर परवानगी उपलब्ध झाल्यास’ सेवा देण्याचा प्रयत्न केला जाईल. त्याखालच्या कलमात, दिलेल्या नमुन्यात जिवंत पेशी असतीलच याची हमी कंपनी घेत नाही. त्याच्याही खाली, नोंदणी शुल्क कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही. म्हणजे ३ लाख ४० हजार मोजून तुमच्याच मुलाचे दात दुसऱ्याच्या कपाटात ठेवायचे आणि वर त्या कपाटाचं वर्षाला भाडं भरायचं. हे चौथं पान ज्यानं लिहिलं त्याला सगळं ठाऊक आहे. हा भाबड्या माणसाचा मजकूर नव्हे.

आता तुमचा पहिला प्रश्न, हे होतं का. माझी सगळी नोकरी कॉलेजात जीवशास्त्र शिकवण्यात गेली, त्यामुळं उत्तर थोडं लांबेल. समजून घ्या.

क्लोन करायचा तर मादीच्या बीजांडातलं केंद्रक, म्हणजे जनुकं असलेला पेशीचा गाभा, काढून टाकतात आणि ज्याची प्रत हवी त्याच्या शरीरातल्या एखाद्या पेशीचं केंद्रक त्यात घालतात. विजेचा हलका झटका दिला की ते बीजांड फलित झाल्यासारखं विभागायला लागतं. भ्रूण तयार झाला की गर्भाशयात सोडायचा. सांगायला सोपं आहे. अडचण अशी की कातडीच्या किंवा कासेच्या पेशीनं आपलं काम एकदा ठरवून घेतलेलं असतं. तिच्यातली कितीतरी जनुकं कायमची मिटलेली असतात. ती सगळी पुन्हा उघडून, अगदी पहिल्या दिवसापासून बाळ घडवायला लावायचं, हे बीजांडाला काही तासांत जमवावं लागतं. बहुतेक वेळा ते अर्धवट जमतं. मग गर्भ मध्येच जातो, वार नीट धरत नाही, पिल्लू अवाजवी मोठं होतं किंवा जन्मून दोन-चार दिवसांत दगावतं.

डॉली मेंढी तुम्ही ऐकली असेल. स्कॉटलंडच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये इयान विल्मट, कीथ कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडवली. ५ जुलै १९९६ चा तिचा जन्म. सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतल्या पेशी घेतल्या होत्या. २७७ बीजांडांवर प्रयोग केला, त्यातून गर्भाशयात सोडण्याजोगे २९ भ्रूण मिळाले, ते १३ मेंढ्यांमध्ये सोडले आणि जिवंत कोकरू झालं एक. पेपरात फोटो त्या एकाचाच आला.

गायीचं भारतात झालंय, हे त्यांनी खरं सांगितलं. हरियाणात कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत २००९ मध्ये म्हशीचं क्लोन केलेलं पहिलं रेडकू झालं, ते काही दिवसच जगलं. पुढच्या वर्षी, २०१० मध्ये, झालेली ‘गरिमा-२’ मात्र वाढली आणि पुढं स्वतः व्याली. मार्च २०२३ मध्ये तिथंच गीर गायीची ‘गंगा’ जन्मली. शास्त्रज्ञांचं कौतुक आहेच. पण जनावरांत ध्येय दुधाचं आणि वाणाचं असतं, त्यामुळं मध्ये किती गर्भ वाया गेले याबद्दल कुणी कुणाला जाब विचारत नाही. माणसाच्या घरात तो विचारावाच लागेल.

आजवर क्लोन झालेल्या प्राण्यांत माणसाच्या सगळ्यात जवळचा म्हणजे माकड. चीनमधल्या शांघायच्या शास्त्रज्ञांनी जानेवारी २०१८ मध्ये दोन क्लोन माकडिणी जाहीर केल्या, झोंग झोंग आणि हुआ हुआ. त्या कुणा मोठ्या माकडाच्या पेशींपासून झालेल्या नव्हत्या, गर्भातल्या कोवळ्या पेशींपासून झाल्या होत्या. ७९ भ्रूण, २१ माद्या, सहा गर्भधारणा, दोन पिल्लं. मोठ्या माकडाच्या पेशी वापरून पाहिल्या तेव्हा ४२ माद्यांमध्ये भ्रूण सोडले, २२ गाभण राहिल्या, दोन पिल्लं जन्मली आणि दोन्ही लगेच गेली. तुमचा मुलगा २१ वर्षांचा होता, ताई. त्याचं प्रकरण या दुसऱ्या रांगेत बसतं. पुढं २०२४ मध्ये एक रीसस माकड दोन वर्षांहून अधिक जगल्याचं जाहीर झालं. त्यासाठी वार तयार करणारा भ्रूणाचा भाग साध्या भ्रूणातून उसना घ्यावा लागला होता.

माणसाचा क्लोन आजवर कुणीही जन्माला घातलेला नाही. डिसेंबर २००२ मध्ये परग्रहवासीयांना मानणाऱ्या रेलियन नावाच्या पंथाशी जोडलेल्या क्लोनेड कंपनीनं ‘ईव्ह’ नावाची क्लोन मुलगी जन्मल्याचं जाहीर केलं होतं. जगभर बातमी झाली. डीएनए तपासायला बाळ कधीच कुणाला दाखवलं नाही.

आणि तुमच्या डबीबद्दल. जावळाचा कापलेला केस म्हणजे मेलेलं द्रव्य. दुधाच्या दाताच्या पोटात एके काळी जिवंत पेशी होत्या, पण दात पडल्या पडल्या त्या काढून द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशाला ठेवल्या तर टिकतात; सोलापूरचे इतके उन्हाळे कपाटात काढलेल्या दातात त्या राहत नाहीत. त्यातून डीएनए कदाचित मिळेल. तो ओळख पटवायला पुरतो, क्लोनला अख्खं, शाबूत केंद्रक लागतं. कंपनीवाले बहुधा तुम्हाला जपानची बातमी दाखवतील. २००८ मध्ये वाकायामा यांच्या गटानं १६ वर्षं गोठवलेल्या मेलेल्या उंदरापासून क्लोन मिळवले होते. ते खरं आहे. पण तो अख्खा उंदीर एवढी वर्षं उणे २० अंशात होता, केंद्रकं मेंदूतली घेतली आणि मधल्या पायरीवर त्यापासून आधी मूलपेशी (शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या) तयार कराव्या लागल्या. डबीतल्या दाताशी त्याचा काही संबंध नाही.

उत्तर इथंच संपवता आलं असतं. ‘होत नाही, फसू नका.’ पण तुम्ही पाप-पुण्याचं विचारलंय, म्हणजे उद्या हे जमायला लागलं तर करावं का, हा प्रश्न मागं उरतोच. आणि खरं सांगायचं तर मला तोच जास्त छळतो.

टेक्सासच्या विद्यापीठात डिसेंबर २००१ मध्ये पहिली क्लोन मांजर जन्मली. तिची मूळ मांजर तिरंगी होती, पांढरी, काळी आणि नारिंगी. जनुकं तीच, तरी या पिलाच्या अंगावर नारिंगी रंगाचा ठिपकासुद्धा नव्हता. मादीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं (जनुकांचे धागे) असतात, मांजरीत नारिंगी रंग त्यांच्यावरच ठरतो, त्यातलं एक बंद राहतं आणि कुठल्या पेशीत कुठलं, ते गर्भात आपोआप ठरतं. क्लोनच्या वेळी नारिंगीवालं बंद पडलेलं होतं. जिनं मूळ मांजर सांभाळली, तिनं ही पाहून ‘तीच आली’ असं कसं म्हणावं? मुलग्यांमध्ये एक्सची ही भानगड नसते, चेहरा तुमच्या मुलासारखाच निघेल, जुळ्या भावासारखा. पण चेहऱ्याच्या आतलं सगळं नव्यानं होणार.

तुमच्या घरात लूम आहेत म्हणून एवढं एक तुमच्याच भाषेत सांगते. जेकार्डची तीच कार्डं लावली म्हणून नवीन विणलेली चादर जुनी, वापरून मऊ झालेली, कोपऱ्यात डाग पडलेली चादर होत नाही. नक्षी तेवढी तीच येते. तुम्हाला हवीय ती वापरलेली चादर.

हिशेब करा. उद्याच्या उद्या सगळं जमलं तरी ते बाळ तुम्ही ५२ च्या असताना होईल. ते २१ चं होईल तेव्हा तुम्ही ७३ आणि मिस्टर ७८. त्याच्या हातात लेझीम कुणी द्यायची? ज्यांच्या खांद्याला खांदा लावून तुमचा मुलगा ताफ्यात नाचला ती पोरं तेव्हा पन्नाशीकडं झुकलेली असतील. गल्ली तीच राहील याचा भरवसा नाही, आजी नसेल, आणि तुम्ही दोघं तर आजच बदलला आहात. ज्या आईनं पहिल्याला वाढवलं तिनं कुणाला गमावलेलं नव्हतं. दुसऱ्याला वाढवणारी आई त्याला गाडी शिकू देईल? पुण्याला शिकायला पाठवेल? तो जरा उशिरा आला की दाराशी उभी राहील. त्यानं लेझीम हातात घेतली नाही, क्रिकेटच खेळला, तर कुणी काही बोलणार नाही, पण त्याला कळेल. जन्मायच्या आधीच एका पोराला नोकरी लावून ठेवायची, की तू आता अमुक व्हायचं, हे मला क्रूर वाटतं. तुमच्यासारखी माऊली जाणूनबुजून असं करणार नाही. होऊन जाईल, एवढंच म्हणते.

एखाद्या गेलेल्याचं नाव नव्या बाळाला ठेवतात, तिथंही हे थोडं असतं म्हणा. पण त्या बाळाला निदान स्वतःचं नाक तरी स्वतःचं असतं.

आता मुलीकडं येते. तुमच्या पत्रात तिच्या वाट्याला दोन-तीन ओळी आल्यात आणि शेवटची ‘ती नाही म्हणाली नाही’ अशी आहे. हे वाक्य मी खूप वेळा वाचलं. भाऊ गेलेल्या घरात, जिथं कुणी मोठ्यानं बोलत नाही, तिथं राहिलेली मुलगी आईला नाही कशी म्हणेल? तिच्याकडून होकार आलेला नाही. तिला विचारलंच गेलेलं नाही.

स्त्रीबीज काढायचं म्हणजे दहा-बारा दिवस रोज हार्मोनची इंजेक्शनं, मधून मधून सोनोग्राफी, मग भूल देऊन योनिमार्गातून सुईनं बीजं खेचून घेणं. काहींना त्यात बीजकोश सुजून पोटात पाणी साठतं, क्वचित जिवावरही बेततं. डॉलीला २७७ बीजांडं लागली होती. आपल्याकडच्या २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानं दात्या स्त्रीचं वय २३ ते ३५ ठरवलंय, तिनं आयुष्यात एकदाच बीजदान करायचं आणि तिच्याकडून जास्तीत जास्त सात बीजं काढायची. मेंढीच्या हिशेबानं गेलं तरी तुमच्या लेकीसारख्या जवळपास ४० जणी रांगेत लागतील. आणि नंतर कितीतरी पोटांत गर्भ राहून जाणार. माणसाच्या क्लोनिंगचा विषय निघाला की लोक प्रयोगशाळा आणि आत्मा यांवर तावातावानं बोलतात, ही रांग कुणाच्या डोळ्यांपुढं येत नाही.

ही नुसती कल्पना नाही. दक्षिण कोरियाचे ह्वांग वू-सुक यांनी २००४ आणि २००५ मध्ये मानवी क्लोन भ्रूणांपासून मूलपेशी मिळवल्याचा दावा केला. देशानं डोक्यावर घेतलं, त्यांच्या कामाचं पोस्टाचं तिकीट काढलं. मग उघड झालं की निष्कर्ष बनावट होते, आणि त्या कामासाठी दोन हजारांवर स्त्रीबीजं वापरली गेली होती. काही तर त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या कनिष्ठ मुलींची होती. त्यांनीही बहुधा ‘नाही’ म्हटलं नसणार. दोन्ही शोधनिबंध २००६ मध्ये मागं घेतले गेले.

मुलीनं पोटात वाढवायचं, हे तर कायद्यात कुठंच बसत नाही. २०२१ च्या सरोगसी कायद्याप्रमाणं सरोगेट स्त्री विवाहित किंवा कधीकाळी विवाह झालेली, स्वतःचं मूल असलेली, २५ ते ३५ वयाची लागते. शिवाय ज्या जोडप्याला हयात आणि धडधाकट मूल आहे त्याला सरोगसीची परवानगीच नाही, आणि तुम्हाला एक मूल हयात आहे. सहायक प्रजननाला स्त्रीची वयोमर्यादा ५० आणि पुरुषाची ५५ आहे. तुम्ही दोघंही ती ओलांडून पुढं आलात. आणि मूल जन्माला घालण्यासाठी क्लोनिंग करायला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मनाई आहे. तेव्हा कायदा आडवा येतो का, तर हो, चहूबाजूंनी येतो.

‘परदेशात’ हा शब्द एजंट का वापरतात तेही सांगते. ब्रिटननं २००१ मध्येच मूल जन्माला घालण्याच्या क्लोनिंगवर बंदीचा कायदा केला. अमेरिकेत देशभर लागू असा कायदा नाही, काही राज्यांनी आपापले केलेत. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत हा विषय मतदानाला आला तेव्हा सगळ्याच प्रकारच्या मानवी क्लोनिंगला विरोध करणारा, पण कुणालाही बंधनकारक नसलेला जाहीरनामा ८४ विरुद्ध ३४ मतांनी मंजूर झाला. ३७ देश तटस्थ राहिले. भारतानं या जाहीरनाम्याच्या विरोधात मत दिलं. व्हॉट्सॲपवर ‘भारत क्लोनिंगच्या बाजूनं’ असं काही फिरताना दिसलं तर त्याचं मूळ हे. भारताला मूल जन्माला घालण्याचं क्लोनिंग नको होतंच. उपचारासाठी भ्रूणपेशींवर संशोधन करण्याचा रस्ता बंद व्हायला नको होता. पुढं जपानचे शास्त्रज्ञ यामानाका यांनी साध्या कातडीच्या पेशींनाच मागं नेऊन मूलपेशी बनवता येतात हे दाखवलं, २०१२ चं नोबेलही मिळालं, आणि त्या रस्त्याची निकडही बरीच कमी झाली. राजकारण्यांची भांडणं आजार आणि भ्रूण यांवर होती. मेलेलं माणूस परत आणण्याची बाजू त्या सभागृहात कुणी मांडत नव्हतं.

आता पाप.

भावजींचा मुद्दा मला तितकासा पटत नाही. देवाच्या कामात हात घालू नये, हे टेस्ट ट्यूब बेबीच्या वेळीही म्हणत होते. १९७८ च्या ऑक्टोबरमध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातून ‘दुर्गा’ जन्मली, जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळानंतर जेमतेम सव्वादोन महिन्यांनी. सरकारी समितीनं त्यांना खोटं ठरवलं, त्यांचा इतका छळ झाला की १९८१ मध्ये त्यांनी जीव दिला. मग १९८६ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून ‘हर्षा’ आली आणि सगळ्यांनी पेढे वाटले. आज सोलापुरात आयव्हीएफचे बोर्ड आहेत, त्या दारातून नवस फेडायला थेट सिद्धेश्वराला जाणारी जोडपी आहेत, कुणाला काही वाटत नाही. तेव्हा ‘देवाचं काम’ ही रेघ सरकत असते. त्या जोरावर मी तुम्हाला अडवणार नाही.

धर्माधर्मांचं म्हणाल तर व्हॅटिकननं १९८७ मध्येच याला नकार दिला. इस्लामी फिक्ह अकादमीनं डॉलीच्या बातमीनंतर, १९९७ मध्ये, माणसाचं क्लोनिंग निषिद्ध ठरवलं. हिंदूंमध्ये असा हुकूम काढणारं एक पीठच नाही, त्यामुळं जो तो आपापला अर्थ लावतो. २०१९ च्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी कौरव हे मूलपेशी आणि टेस्ट ट्यूबमधून जन्मले असं भर सभेत सांगितलं होतं. गांधारीच्या घड्यांमधले कौरव एकमेकांच्या प्रती नव्हते हो, त्यांत एक दुःशला होती. प्रतींची गोष्ट पुराणात आहे ती रक्तबीजाची, आणि तिथं थेंबाथेंबातून तोच तो उभा राहू नये म्हणून देवीला धावावं लागलं. यातून शास्त्र काढायचं नसतं आणि नीतीही फार काढू नये. तुमची गोष्ट वेगळी आहे.

सासूबाईंना मात्र एक विचारा. त्यांच्याच श्रद्धेप्रमाणं आत्मा नवं शरीर घेतो ते आपल्या कर्मानं. आपण त्याच मापाचा सदरा शिवून ठेवला म्हणून त्याला त्यातच यावं लागेल, असं कुठल्या पोथीत आहे? एकसारखी जुळी भावंडं एकाच बीजातून होतात, निसर्गानंच केलेले क्लोन ते. त्यांच्यात आत्मे दोन की एक? आमच्या गल्लीत अशा दोन जुळ्या आज्या आहेत, एक कडक माळकरी आणि दुसरी दर रविवारी मटण करणारी.

तुम्ही पाप करताय का? मुलाची आठवण जपणं, तो परत यावा असं वाटणं, त्यासाठी वेड्यासारखे पैसे मोजायला तयार होणं, यात पाप कुठून आलं. पाप शोधायचंच असेल तर ते चौथ्या पानावर आहे. आणि मुलीला न विचारता तपासणीच्या टेबलावर नेलंत, तर मात्र मी तुमच्या बाजूनं बोलणार नाही.

मिस्टर सही करायला तयार आहेत, पण बोलत नाहीत. माझ्या मते त्यांना हे पटलेलं नाही. दोन वर्षांत तुम्ही पहिल्यांदा काहीतरी मागितलंय आणि त्यांच्याच्यानं नाही म्हणवत नाही, एवढंच असावं. एकदा तुम्हीच सांगून बघा, ‘आपण हे करायचं नाही,’ आणि मग ते काय बोलतात ते ऐका. रडले तर रडू द्या. कारखान्यात माणसांसमोर त्यांना ते करता येत नाही.

दत्तक घ्या, असं कुणीतरी सुचवेलच. आत्ता नको. रिकाम्या जागेवर बसवायला आणलेलं मूल हा पुन्हा तोच प्रकार. त्याऐवजी ताफ्यातल्या पोरांना एकदा घरी बोलवा. ती येत नाहीत कारण तुम्हाला त्रास होईल असं त्यांना वाटतं. त्यांच्याकडं तुमच्या मुलाचे असे किस्से असतील जे तुम्हाला माहीतच नाहीत, त्यातले दोन-चार ऐकून तुम्हाला रागही येईल. झोप, भूक अजून ठिकाणावर नसेल तर सिव्हिलच्या मानसोपचार विभागात दाखवा, किंवा १४४१६ वर टेली-मानसला फोन करा. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

कंपनीचं असं करा. करार रद्द करत असल्याचं आणि २५ हजार परत हवे असल्याचं लेखी पाठवा, ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्ही. व्हिडिओ, पावती, मॅडमचे मेसेज, सगळं जपून ठेवा. ‘तेच मूल परत’ असं ज्या मेसेजमध्ये लिहिलंय त्याचा स्क्रीनशॉट आधी काढा, ते नंतर पुसतात. दाद दिली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. पुतण्यावर रागावू नका, त्यालाच हे काम सांगा.

आणि मुलीची तपासणी रद्द करायचा फोन आजच करा. तिला करायला लावू नका, तुम्ही करा, ती घरात असताना, तिला ऐकू जाईल असा.